सिनेमा सुटला की मला वाचा

मी फळा बोलतोय. शाळेतला नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच पाढ्यांची वाट बघत बसाल. मी रस्त्यावरचा फळा. दोन फळ्या वरून बिजागरीने जोडलेल्या, खाली पाय फाकवून उभा. माझ्या पाठीमागे किल्ल्यांचं दुकान आहे आणि समोर, रस्त्याच्या पलीकडे, थिएटरचं बाहेर पडायचं दार. सिनेमा सुटला की माणसं डोळे मिचकावत बाहेर येतात, आणि त्यांना पहिला दिसतो तो मी!

एका सुताराने मला एका खानावळीसाठी बनवलं होतं. ती खानावळ उघडण्याआधीच बंद पडली. मी सहा महिने सुताराच्या भिंतीला टेकून भुसा खात राहिलो. मग एक दिवस सुताराच्या कपाटाची किल्ली हरवली आणि ती करून द्यायला किल्लीताई आल्या. या बाईंना खरं नाव आहे, पण ते कोणी वापरत नाही. त्यांनी मला पाहिलं, हा कोणाचा म्हणून विचारलं, कोणाचाच नाही असं कळताच मला काखोटीला मारलं आणि निघाल्या. माझ्यावर पहिली ओळ लिहिली गेली ती अशी : ‘किल्ल्या पाच मिनिटांत. कुलपं उघडून मिळतील, फक्त स्वतःची.’

दुकान त्यांच्या वडिलांचं. दोघी बहिणींपैकी थोरल्या आक्काने ऑफिसातली नोकरी धरली, धाकटीने किल्ल्या घासायची कानस धरली. कामात किल्लीताईंचा हात कोणी धरणार नाही, पण त्यांचा जीव खरा सिनेमात. थिएटरमध्ये दोन पडदे आहेत, एक मोठा, एक छोटा. दोन्हींवर जे येईल ते बघायचंच. दाराला ‘आत्ता येते’ अशी पाटी लावून बाई तीन तास गायब. उरलेला वेळ किल्ली कापायच्या मशिनच्या वर एक छोटा टीव्ही चालू, त्यावर मालिका.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका चोरांच्या सिनेमामुळे. त्यातल्या नायकाने तिजोरीला कान लावला आणि अकरा सेकंदांत ती उघडली. किल्लीताई बाहेर आल्या त्या तणतणत. माझी मागची बाजू पुढे फिरवली आणि खडू आपटत लिहिलं : ‘तिजोरी अशी उघडत नाही. मी वीस वर्षं उघडते आहे. बाकी सिनेमा झकास. पाठलाग बघताना शेजारच्याचा हात धरला, नंतर माफी मागितली.’

माणसं थांबली. हसली. दोघांची तिथेच जुंपली, पाठलाग चांगला की शेवटची मारामारी. माझ्या अंगभर झिणझिण्या आल्या! खानावळीच्या दारात उभा राहिलो असतो तर जन्मात कोणी माझ्यावरून भांडलं असतं का?

मग रोजच लिहिणं सुरू झालं. ‘नऊच्या मालिकेत घराला कुलूपच नाही, कोणीही कधीही आत येतं. सासूने मृत्युपत्र कपाटात ठेवलं आणि किल्ली कपाटालाच. अशा बाईचं घर लुटलं जाणारच.’ ‘भुताचा सिनेमा : भूत चांगलं, माणसं वाईट, म्हणजे अभिनयात.’ ‘पोलिसांची नवी मालिका दहा भागांची आहे. सहा पुरले असते. पण दुसऱ्या भागातली हवालदारीण बघाच, ती गप्प बसते तेव्हा काळजात धस्स होतं.’

मी माणसांच्या सवयी शिकलो. बाहेर पडताना बरेच जण आधी बरोबरच्या माणसाच्या तोंडाकडे बघतात आणि मग ठरवतात की आपल्याला सिनेमा आवडला का. काही जण माझ्यासमोर येऊन उभे राहतात, वाचतात, मान डोलावतात आणि माझंच वाक्य चार पावलांवर स्वतःचं म्हणून सांगतात. मला राग येत नाही. एक निवृत्त पोस्टमन काका मात्र स्वतःचा खडू खिशात घेऊन येत. किल्लीताईंच्या वेलांट्या सुधारत आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहीत : ‘असहमत.’

असं सगळं छान चाललं होतं, आणि आक्काच्या मुलीचा सिनेमा आला.

भाची बत्तीस वर्षांची. तिने पहिल्यांदाच एका मोठ्या सिनेमाचे संवाद लिहिले होते. आक्काचं ते सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं. मग ती दुकानात आली आणि स्टुलावर बसून राहिली. पोरीने सहा वर्षं खपून लिहिलंय, सगळं थिएटर तुझा फळा वाचतं, तुझ्या एका ओळीने तुझं काय जाणार आहे, असं म्हणत राहिली. किल्लीताईंनी त्या भाचीला अंगाखांद्यावर खेळवलेलं.

पहिल्या खेळाला तिघी गेल्या. बाहेर आल्यावर भाचीने मावशीकडे बघितलं. मावशी म्हणाली, “छान.” आणि माझ्यावर लिहिलं : ‘नक्की बघा. रडाल.’

त्यांचा हात मला ओळखीचा होता. खरं लिहिताना खडू नुसता पळायचा, अक्षरं एकमेकांवर चढायची. त्या दिवशी एकेक अक्षर सुबक, गोल, शुद्धलेखनासारखं उतरत होतं. मला कळलं. मला काय, दोन दिवसांत सगळ्यांनाच कळलं. माणसं सिनेमा बघून बाहेर येत, मला वाचत आणि न भांडता निघून जात. तिसऱ्या दिवशी पोस्टमन काका आले, बोट ओलं केलं आणि ‘नक्की’ हा एक शब्द पुसला. ‘असहमत’ही लिहिलं नाही. मला ते फार लागलं.

त्यानंतर किल्लीताई लिहीत राहिल्या, पण वाचणारे हसत निघून जायचे. नातेवाइकांचा फळा, असं नाव पडलं माझं.

आणि नेमका तेव्हाच तो सिनेमा आला. छोट्या पडद्यावर, दिवसातून एकच खेळ, दुपारचा. ना नट ओळखीचे, ना गाणी. गावाला पाणी सोडणाऱ्या एका पंपचालकाचे निवृत्तीआधीचे सात दिवस, एवढीच गोष्ट. शनिवारी प्रेक्षक अकरा. त्या अकरांत किल्लीताई होत्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा दुकानाचं दार उघडायचं विसरल्या. आधी माझ्याकडे आल्या. दोन्ही बाजू पुसल्या, किल्ल्यांची जाहिरातसुद्धा! आणि खडू पळायला लागला : ‘शेवटच्या दिवशी तो पंपघराला कुलूप लावतो. चार पावलं जातो. परत येतो आणि कुलूप ओढून बघतो. कुलूप लावणारा प्रत्येक माणूस हे करतो. इतकी वर्षं सिनेमे बघते आहे, कोणी दाखवलं नव्हतं. मी त्या क्षणाला उभी राहिले. तुम्हीही राहाल.’

मला वाटलं, आता रस्ता भरणार. पण एकाने वाचलं आणि विचारलं, “हा कोणाचा? पुतण्याचा का?” सगळे हसले. रविवारी दुपारी प्रेक्षक नऊ. थिएटरचे मॅनेजर भले गृहस्थ, तेच रस्ता ओलांडून सांगायला आले, ताई, गुरुवारी काढतोय, रिकाम्या खुर्च्यांना किती दिवस दाखवू?

सोमवारी सकाळी किल्लीताईंनी भाचीला तीनदा फोन लावला. ती शूटिंगवर होती, फोन बंद. मग त्यांनी खडू घेतला, दोनदा खाली ठेवला, आणि लिहिलं : ‘मागच्या महिन्यात मी खोटं लिहिलं. तो सिनेमा माझ्या भाचीचा होता. मला आवडला नव्हता. तुमची माफी मागते. पंपवाल्या सिनेमातलं कोणी माझं कोणी लागत नाही. तो मला आवडला. गुरुवारी जाईल.’

पोस्टमन काकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला. सरळ रस्ता ओलांडून तिकीट काढलं. खेळ सुटल्यावर परत आले, डोळे लाल, आणि कोपऱ्यात लिहिलं : ‘सहमत.’ आयुष्यात पहिल्यांदा!

पण बातमी आक्कापर्यंत आधीच पोचली होती. ती संध्याकाळी आली. माझ्यासमोर उभी राहून शेवटपर्यंत वाचलं.

“घरचं माणूस तू रस्त्यावर मांडलंस,” ती म्हणाली.

“मी माझं खोटं मांडलं, आक्का. तिला एक शब्द बोललेले नाही.”

आक्काने तळहाताने त्या ओळी पुसल्या. हात पांढरा झाला, तसाच घेऊन निघून गेली. किल्लीताईंनी खडू उचलला. त्याच ओळी पुन्हा लिहिल्या. अक्षरं पळत होती.

मंगळवारी दुपारी तीसएक माणसं आली. आणि संध्याकाळी भाची आली. किल्लीताई उठून उभ्या राहिल्या. भाचीच स्टूल ओढून बसली.

“मावशी, तू ‘छान’ म्हणालीस ना, तेव्हाच कळलं मला. तू कधी एका शब्दात थांबतेस?”

किल्लीताई रडल्या आणि हसल्याही. मग भाची म्हणाली, कुठे बिघडलं ते नीट सांग. मग काय विचारता! बाईंनी मशिन बंद केलं. सिनेमातला तो बाप दहा वर्षांनी घरी येतो आणि दारातच चार मिनिटं भाषण करतो, ते का म्हणून? इतक्या वर्षांनी आलेला माणूस आधी पाणी मागेल, चपला कुठे काढू म्हणून विचारेल.

भाची म्हणाली, “पहिल्या खर्ड्यात तसंच होतं.”

“मग काढलंस का?”

“सगळे म्हणाले, भाषण हवं.”

“सगळ्यांत मी नव्हते,” किल्लीताई म्हणाल्या.

दिवेलागणीपर्यंत दोघी बोलत बसल्या. एक माणूस किल्ली करायला येऊन तसाच परत गेला.

बुधवारी अर्धं सभागृह भरलं. गुरुवारी मॅनेजर स्वतः दारात उभे, आत वाढीव खुर्च्या चाललेल्या! त्यांनी पलीकडूनच हात केला : आणखी एक आठवडा! पुढच्या शुक्रवारी येणाऱ्या सिनेमाबद्दल तेवढं जरा सांभाळून लिहा, अशी पुरवणीही जोडली. शब्द देता येत नाही, असं किल्लीताईंनी कळवलं. आणि मी? माझ्यापुढे त्या दिवशी पाच माणसं एकदम भांडत होती. त्या सुखाला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

आक्का अजून दुकानात येत नाही. पण रोज पलीकडच्या फुटपाथवरून जाताना चाल मंद करते आणि मला वाचून जाते. किल्लीताई आता थोडं मोठ्या अक्षरात लिहितात.

माझे कोपरे फुगलेत, मधला रंग उडालाय, एक बिजागरी तारेने बांधली आहे. दिव्यांची चमकती पाटी घेऊ या, असं मॅनेजर म्हणतात. घ्या बापडे. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. सिनेमा बघून बाहेर आलात की ‘ठीक होता’ म्हणून सुटू नका. कोणाच्या तोंडाकडे बघू नका. काय आवडलं, काय डाचलं, ते नेमकं सांगा. कोणी असहमत असेल तर आणखी चांगलं.

आता थांबतो. समोरचं दार उघडलंय, मोठ्या पडद्यावरचा नवा सिनेमा सुटलाय. मी पुसून कोरा उभा आहे. आणि ते बघा, गर्दीतून वाट काढत, मोटारींना हात दाखवत, किल्लीताई चालत नाहीत, चक्क पळत येतायत! खडू आत्ताच हातात आहे. बाजूला व्हा, बाजूला व्हा!