तिमूरच्या पायातला दोरा

माझ्या पणतूचं नाव तिमूर. हे नाव इथे कझाखस्तानात कझाखांना आपलं वाटतं, रशियनांना उच्चारता येतं आणि इथेच वाढलेल्या आम्हा कोरियनांना चालतं. त्याच्या आईबापांनी शहाणपणा दाखवला तो एवढाच. भाषेची वेळ आली आणि दोघं भांडायला बसली.

बाळ वर्षाचं झालं की आमच्यात त्याच्यापुढे टेबल मांडतात. तांदूळ, दोरा, कात्री, पुस्तक. ते ज्याला हात घालील तसं त्याचं नशीब. हे सगळं दुपारच्या आत उरकायचं. आणि सकाळपासून घरात एकच वाद, पुस्तक कोणतं ठेवायचं?

नातू गेर्मान कझाख पुस्तक घेऊन आला. तो रेल्वेच्या यार्डात आहे. ज्या पोराला त्याने काम शिकवलं तोच यंदा त्याचा साहेब झाला. काम गेर्मानला जास्त येतं, पण सभा कझाखमध्ये चालते आणि तिथे हा मुका. म्हणून तिमूरला गल्लीतल्या कुल्याशच्या कझाख पाळणाघरात घालायचं त्याने ठरवलेलं. जागा एकच उरली होती आणि आजच सांगायचं होतं.

नातसून इनेसा रशियन पुस्तक छातीशी धरून उभी.

“घरी येऊन तो काही बोलला आणि मला कळलंच नाही तर? माझ्याच पोराशी बोलायला दुभाषा ठेवू?”

“मग होऊ दे माझ्यासारखा. काम करेल आणि दुसऱ्याला साहेब म्हणेल.”

“आणि कोरियन कुठे गेलं?” मी विचारलं.

“ते तुम्हालाच येतं, आजी,” इनेसा म्हणाली.

“मलाही शिव्या आणि स्वयंपाक एवढंच येतं. या घराला तेवढं पुरतं.”

इनेसाला कझाख येत नाही यात दोष तिचा अर्धाच. दुकानात जा, दवाखान्यात जा, आमचं तोंड दिसलं की कझाख माणूस आपण होऊन रशियन बोलू लागतो. मायेनेच बोलतो. त्या मायेने आमच्या दोन पिढ्या मुक्या राहिल्या. मी शिकले, कारण कुल्याशच्या आजीला रशियन येत नव्हतं आणि लहानपणी भूक लागली की तिच्याच दारात जावं लागे.

मी दोन्ही पुस्तकं उचलून कपाटावर टाकली आणि कुल्याशला बोलावणं धाडलं.

बाळ चालू लागलं की त्याच्या पायांना दोरा बांधून तो कापायचा, ही कझाखांची रीत. कापणाऱ्यावर पोर जातं म्हणतात, आणि कापणारा घरचा होतो.

कुल्याश आली ती तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची परात घेऊन, रशियनमध्ये शुभेच्छा देत.

“तिमूरचा दोरा तू कापायचास,” मी म्हणाले.

तिचे डोळे भरले. “मी? मार्ता आपा, तुमच्या घरात एवढी माणसं असताना?”

“ती सगळी माझ्यावर गेलीत. एक तरी तुझ्यावर जाऊ दे. पण एक अट. या पोराशी आणि याच्या आईशी यापुढे रशियन बोलायचं नाही.”

“आईशीपण? बिचारीला काय कळणार?”

“म्हणूनच.”

इनेसा लाल झाली. “आजी, मला विचारलंत तरी का?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. पोराला कुठे घालायचं ते तुम्ही दोघं बघा. मी दोऱ्यापुरतं बोलते.”

टेबलावर तिमूरने आधी तांदूळ उधळला, मग कात्री धरली. पाय बांधून झाले. आता कुल्याशला कात्री हवी होती आणि हा सोडेना. ती रशियनमध्ये लाडीगोडी लावू लागली. मी खाकरले. तिने जीभ चावली, पिठाचा एक गोळा पुढे केला आणि आपल्या भाषेत म्हणाली, ‘हे घे, ते दे.’ तिमूरने कात्री देऊन गोळा घेतला. दोरा तुटला. पोर धडपडत आईच्या कुशीत गेलं.

“काय म्हणाली ती?” इनेसाने नवऱ्याला विचारलं.

गेर्मानने माझ्याकडे पाहिलं. मी गाजराचं लोणचं वाढत होते, मला ऐकू आलं नाही.

मग तिने कुल्याशलाच विचारलं. कुल्याशने तळहात पुढे केला आणि तेच कझाखमध्ये पुन्हा म्हटलं. इनेसाने ते शब्द तोंडात घोळवले आणि फार वाईट उच्चारले. कुल्याश हसली नाही.

“उद्या मी त्याला घेऊन येते,” इनेसा रशियनमध्ये म्हणाली. “पण सुरुवातीला मीही तिथे बसणार.”

“ये,” कुल्याश कझाखमध्ये म्हणाली, आणि एवढं इनेसाला कळलं.

तिथल्या खुर्च्या फार छोट्या आहेत, हे मी तिला सांगून ठेवलं.