काना राहून गेला

मी सिनेमातल्या तारा पुसते. उडणाऱ्या माणसाच्या कमरेला तारा बांधलेल्या असतात. त्या एकेका चित्रातून काढायच्या आणि मागचं आभाळ पुन्हा रंगवायचं. काम वाईट झालं तरच लोकांना दिसतं. असल्या धंद्यात कौतुकाची वाट बघणारा मूर्खच, आणि मी अकरा वर्षं बघत होते.

काम करताना कानात ताईचं संगीत असतं. माझी थोरली बहीण यंत्रांवर आवाज बनवते. पाहुणेरावळे म्हणतात, "बटण दाबलं की वाजतं, त्यात काय मोठंसं?" ताई एका घुमणाऱ्या सुरासाठी आठवडा घालवते. मला तो सूर अगदी पोटातून आवडतो. तो ऐकत आभाळाचा राखाडी रंग भरताना मला जेवणाचीही शुद्ध राहत नाही.

या सिनेमाचं संगीतही ताईचंच. त्यात एक कसरतवाली दोन गच्च्यांमध्ये बांधलेल्या तारेवरून चालत येते. माझ्या कागदावर लिहिलं होतं, 'तार पुसणे'. पुसली. कमरेच्या दोन पुसल्या, पायाखालचीही पुसली. सहायक दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला. त्याला कमरेच्या 'तारा' म्हणायचं होतं, काना राहून गेला होता. "तारेवरची कसरत ऐकली होती, ही बिनतारेची!" ऑफिसभर हशा.

दिग्दर्शकबाई मात्र हसल्या नाहीत. पडद्यावर ती नुसत्या हवेतून चालत होती, पायाची बोटं पुढची जागा चाचपत होती, खाली ताईचा सूर घुमत होता. स्वतःच्याच कामानं माझ्या अंगावर काटा आला.

"असंच ठेवायचं," त्या म्हणाल्या. "आणि नामावलीत तुझं नाव एकटं येईल, पूर्ण पडद्यावर."

मी लगेच आईला फोन केला. "दिसलीस गं बाई एकदाची कुणाला तरी!" आई म्हणाली.

शुक्रवारी कसरतवाली स्वतःचं काम बघायला आली. चाळिशीची, बारीक, कमी बोलणारी. तिनं दोनदा बघितलं.

"मॅडम, माझी तार कुठंय?"

"पुसली. किती सुंदर दिसताय बघा."

"दिसतेय खरी. पण हवेतून काय, कुणीही चालेल. तार होती म्हणून तर अवघड होतं ना?" तिनं चप्पल काढून तळपाय वर केला. बोटांपासून टाचेपर्यंत सरळ रेघेत घट्टा पडला होता. "लोक म्हणतील, कॉम्प्युटरनं चालवली."

मला तिचा रागच आला. अकरा वर्षांनी तोंडाशी आलेला घास, आणि ही बाई पाय दाखवतेय! मी काही बोलणार, तेवढ्यात आमचे पाहुणे आठवले. ताईला ते जे ऐकवतात, तेच मी हिला ऐकवायला निघाले होते. शरम वाटली. घट्टा काही बघवेना.

"मी तार परत घालते," मी मागे उभ्या असलेल्या दिग्दर्शकबाईंना म्हटलं.

"मग त्यात तुझं दिसण्यासारखं काय राहिलं? एकटीचं नाव विसर."

"विसरले."

"नीट विचार कर. असं पुन्हा मिळायचं नाही."

"केला. बिनतारेचं चित्र माझ्या हातून जाणार नाही."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या उघड्या पायाकडे. "घाल बाई," त्या म्हणाल्या, आणि चिडूनच बाहेर गेल्या.

नुसती परत आणून भागेना. मूळ तार ढगात हरवत होती. मी ती चित्रागणिक थोडी उजळली, शेवटच्या रांगेतल्यालाही दिसेल इतकी. कसरतवालीच्या वजनानं येणारा झोल, पाऊल उचलताना होणारी थरथर, काहीही झाकलं नाही. पाच दिवस लागले. ताईनंही तिथला आपला सूर निम्म्यानं हळू केला.

सिनेमाला आईला घेऊन गेले. माझं नाव एकटं येणार नाही हे तिला आधीच सांगितलं होतं, म्हणून ती घुश्श्यातच बसली होती. मग ती दोन गच्च्यांची जागा आली. पहिलं पाऊल पडलं, तार खाली दबली, आणि आईनं अंधारात माझा दंड गच्च धरला. कसरतवाली पलीकडे पोचेपर्यंत तिनं तो सोडला नाही.