कैदी परत का आला?

मुक्या शिनेमाच्या काळात मी सांग्याचं काम करायचो. पडद्याशेजारी उभं ऱ्हायचं आन काय चाललंय ते लोकांना मोठ्यानं सांगायचं. मधी मधी इंग्रजी पाट्या यायच्या. शाळा मी दुसरीतच सोडल्याली. मराठी पाटी असती तरी मला घामच फुटला असता. म्हणून आमचा मशीनवाला नजीर आधीच मला गोष्ट सांगून ठिवायचा.

शहागडला नदीकाठी तंबू ठोकला त्या दिवशी फिलीम जालन्याहून उशिरा आली. नजीरनं घाईघाईत डबे उघडले.

"चाचा, एक कैदी है, जेल से भागता है. बाकी तुम संभालो."

"रिळं किती?"

"चार."

"चार रिळं निस्ता पळतोच का रे त्यो?"

दिवे लागायला खेळ सुरू झाला. पुढं घोंगडं पांघरून एक गडी बसल्याला. मच्छिंद्र त्याचं नाव, पण हे मला मागून कळालं. वेठीला बैल दिले न्हाईत म्हणून पलीकडच्या गावच्या पाटलानं त्याला चावडीच्या खोलीत कोंडल्यालं. त्या दुपारी विटा काढून तो निसटला, आन पाटलाचा हात पोचत न्हाई अशा इंग्रजी हद्दीकडं जायच्या आधी रस्ता सामसूम होस्तोर गर्दीत बसून राह्यला. त्याच्या राखणीला रखमाजी म्हातारा होता. कैदी पळाला की राखणदाराला आत टाकायचं, ही त्या पाटलाची रीत.

पहिल्या रिळात कैद्याला आत टाकलं. दुसरं लागलं तं हा गडी थेट रानात पळतोय! लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिसरं लागलं, आन पुन्हा तो गजाआड.

वांगी इकणारी झुंबरबाई मागून वरडली, "अय सांग्या, सुटल्याला माणूस परत आत कसा गेला रं?"

मला काय ठाव? पडद्यावर दाराशी एक म्हातारा शिपाई पेंगत व्हता. मी दिलं ठोकून.

"आपल्या पायानं आला त्यो! ह्या म्हाताऱ्याच्या राखणीतून पळाला, तं सायबानं म्हाताऱ्यालाच आत टाकलं. कैद्याला कळालं, मंग त्याचा पाय पुढं उचलंना."

घोंगडंवाला उठून उभा राह्यला.

"मामा, म्हातारा सुटला का पण?"

"खाली बस की मेल्या," झुंबरबाई म्हन्ली, "कैद्याच्या तोंडावर तुझं मुंडकं दिसून राह्यलंय!"

तो बसंना. "सांगा ना मामा."

"सुटला की! ह्यो परत आल्यावर त्याला कशाला ठिवतेत?"

तेवढ्यात पडद्यावरच्या कैद्यानं कापडातून चमचा काढला आन भुई उकरू लागला.

"आता काय करतोय?" घोंगडंवाल्यानं इचारलं.

"आता... परत खणून राह्यलाय!"

"आन आता राखणीला कोन हाये?"

मी निरखून बघितलं. "दुसराच हाये. तरणा, मिशीवाला. प्वाट बघा त्याचं!"

सारा तंबू हसला. मच्छिंद्र मातुर चौथं रीळ न बघताच कनातीखालून भाईर गेला.

खेळ संपल्यावर नजीर कपाळ धरून बसल्याला. "चाचा, तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लागलं."

"मंग मी सांगितलं ते?"

"बिलकुल झूठ."

चौथ्या दिवशी एक म्हातारा तंबूची चौकशी करत आला. रखमाजीच तो. म्हन्ला, "मला कोंडलं आन त्याच राती मच्छिंद्र दारात उभा. 'तात्या, चला भाईर, शिनेमात असंच हाये.' पाटलानं त्याला आत घातलं आन मला सोडलं. कसला शिनेमा हो तुमचा?"

"आन मच्छिंद्र कुठंय?"

"काल पुन्हा गेला. ह्या खेपेला भिंत न्हाई, भुईच उकरली."

"अन् तुमाला कोंडलं न्हाई?"

"मला कशाला? म्हाताऱ्याला झोप लागती म्हणून पाटलानं माझी राखण काढून घेतली. सोताच्या मेहुण्याला बसवलं."

"मंग आता मेहुण्याला...?"

"तेच बघाया सारं गाव चावडीम्होरं बसलंय," रखमाजी म्हन्ला. "पाटील सकाळधरून भाईर आला न्हाई. मला जल्दी जाऊ द्या, जागा जाईल माझी."