साडेचार भागिले पाऊण

चन्नवीरचा पाय क्लचवर होता. ट्रॅक्टरमागचा वायररोप ताणून विहिरीत उतरला होता आणि त्याच्या टोकाला पाण्याची मोटार बांधली होती. मोटारीखाली धाकट्या भावाचा, मंजुनाथचा, डावा पाय होता.

सकाळी कपारीवर बसवताना मोटार घसरली आणि तिने पाय खडकात दाबून धरला. ट्रॅक्टरने ओढली तर ती निघेल, पण झटक्याने पाय गुडघ्यातून जाईल. अलगद उचलायला चेनपुली हवी. ती निर्णा गावात दुसऱ्याच्या विहिरीवर लावलेली. सोडवून इथं मेहकरला आणायला तीन वाजणार होते. आता अकरा झाले होते आणि उपसा बंद असल्याने पाणी चढत होतं.

विहिरीच्या भिंतीवर फुटाफुटाच्या खुणा होत्या. जमीन शून्य, त्याखाली सगळं उणे. पाणी उणे साडेबावीसवर आणि वाकून उभ्या मंजुनाथची हनुवटी उणे अठरावर. मधे साडेचार फूट. गेल्या तासात पाणी पाऊण फूट चढलं होतं.

चन्नवीरच्या वडिलांना, गुरुबसव अज्जांना, पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ. त्यांनी डोळे मिटले.

"साडेचार पाऊण, सव्वातीन आन वर आधपाव," ते म्हणाले. "तेवढेच तास. अडीच वाजायच्या आत पाणी नाकात. चेनपुली न्हाई पोचत. वढ, चन्ना."

चन्नवीरने गिअर टाकला.

"अप्पा, थांबा." चन्नवीरची सातवीतली पोरगी शैलश्री कठड्यापाशी उकिडवी बसली होती, हातात विटेचा तुकडा. "सव्वातीन न्हाई, सहा तास हाईत. साडेचाराला पाऊणनं भागायचं."

"भागल्यावर साडेचाराचे सहा व्हत्यात व्हय?" शेजारचा सिद्धेश्वर म्हणाला. "शाळेत काय शिकवायलेत कुणास ठाऊक."

"अज्जा," पोरगी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पाऊण फूट चढायला एक तास. मग पुरा फूट चढायला?"

"तासाहून जास्तच की."

"मग साडेचार फुटाला साडेचार तासाहून कमी कसे लागतील?"

अज्जांचे ओठ हलू लागले. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. एकेक बोट मिटत गेलं. साडेचारावर सहावं मिटलं.

"गुणलो मी," ते हळू म्हणाले. "जन्मभर पाऊणकी म्हणली की गुणायचीच सवय. चन्ना, पोरीचं खरं हाय."

चन्नवीरचा पाय तसाच होता. चूक झाली तर पाय नाही, भाऊच जाणार होता. "आन पाणी नेमानं चढतंय कशावरून?"

"मागं जाऊन बघू," शैलश्री कठड्यावर लिहीत म्हणाली. "दोन तास मागं म्हंजे उणे दोन. गुणिले पाऊण, उणे दीड. साडेबावीसाच्या खाली दीड. नऊला पाणी उणे चोवीसवर पायजे."

चन्नवीर खाली ओरडला, "मंज्या, सकाळी नऊला पाणी कितीवर हुतं?"

खालून आवाज आला, "चोवीसावर. कामून इचारायलास, अण्णा? वढ नाहीतर सोड, एक काय ते कर."

चन्नवीरने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडल्यावर खालचं पाणी ऐकू येऊ लागलं.

तीन वाजले, चेनपुलीची गाडी आली नाही. पाणी मंजुनाथच्या छातीला लागलं होतं. सिद्धेश्वर दोनदा ट्रॅक्टरकडे बघून आला. शैलश्री दर पाव तासाला खूण वाचून लिहीत होती. अक्षर बिघडत चाललं होतं. तीन वीसला गाडी आली. तीन खांबांचं तिकाटणं उभं करून साखळी सोडायला अर्धा तास गेला, मग मोटार बोटबोटभर वर सरकू लागली.

चारला पाय सुटला. पाणी हनुवटीखाली पाऊण फुटावर होतं.

वर आणलं तेव्हा पाय काळानिळा पडून सुजला होता. अज्जांनी तो मांडीवर घेतला. "अंगठा हलीव बघू, बाळा."

सगळे वाकून बघत राहिले. बऱ्याच वेळाने अंगठा हलला.