उजव्या कोपऱ्यातली खूण

वीब्केने चिमट्याने टपालाचं तिकीट उलटं केलं. मागे उजव्या कोपऱ्यात बाबांच्या नावाची मुगाएवढी खूण दिसली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

बेर्गेडॉर्फ या जर्मन गावाची जुनी तिकिटं कोरी हवी तितकी मिळतात, टपालात वापरलेली मात्र क्वचित, म्हणून महाग. त्यामुळे या तिकिटांतले भामटे तिकीट खोटं करत बसत नाहीत, खऱ्या तिकिटावर शिक्का खोटा मारतात. या तिकिटावरच्या पाच काळ्या पट्ट्यांच्या शिक्क्याची शाई टपालाच्या काळानंतर पडलेल्या घडीतही उतरली होती, म्हणजे शिक्का खोटाच. पण बाबा, म्हातारे हिनर्क, तिच्याआधीचे तिकीट-पारखी, आयुष्यभर खऱ्या ठरलेल्या कोऱ्या तिकिटावर उजवीकडे खूण करत आले होते आणि शिक्क्याच्या तिकिटावर डावीकडे. त्यांनी हे तिकीट कोरं असतानाच तपासलं होतं. बाबा फसले नव्हते.

मग हा उद्योग कुणाचा? तिने भिंगाखाली माहीत असलेल्या खोट्या शिक्क्यांचे नमुने लावले. तिसऱ्या पट्टीच्या टोकाला उंदराने कुरतडल्यासारखा खळगा होता. हा खळगा एकाच बनावट शिक्क्याला होता, आणि तो जप्त झाल्यापासून तुलनेसाठी याच घरातल्या कपाटात पडून होता. कपाटाची किल्ली कायम बाबांच्या खिशात असायची.

 वीब्के तिकीट घेऊन स्वयंपाकघरात गेली.

तिथे गेसाकाकू बाबांसमोर कॉफी घेऊन बसली होती. येताना तिने लोण्याचा केक भाजून आणला होता. बाबांना आता नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांच्या ताटलीतले तुकडे तीच बारीक करून देत होती. तिचा नवरा डेटलेफ, बाबांचा शाळेपासूनचा मित्र, इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होता. त्याच्या संग्रहात टपालात वापरलेल्या या एकाच तिकिटाची जागा वर्षानुवर्षं रिकामी होती. त्याच्या साठाव्या वाढदिवसाला हिनर्कने ते त्याच्या हातात ठेवलं, तेव्हा हा एवढा थोरला माणूस सगळ्यांसमोर रडला होता, असं काकू सांगत होती.

"आता म्हणतो, वीब्केला बघू दे. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका म्हणावं," काकू म्हणाली.

वीब्केने बाबांकडे पाहिलं. त्यांनी चमचा खाली ठेवला होता.

"काकू, शाई फिकी झालीय. नक्की काही सांगता येत नाही," ती म्हणाली. या धंद्यात ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"माझी खूण कुठल्या कोपऱ्यात आहे?" बाबांनी विचारलं.

"उजव्या."

"मग सांगता येतं. शिक्के आण."

तिने दोन शिक्के आणले. एक 'खोटे' असं उमटवणारा, दुसरा तिच्या नावाचा, कारण खोट्याशेजारी निर्णय देणाऱ्याने आपलं नाव टाकायचं असतं. बाबांनी दुसरा बोटांनी चाचपला आणि बाजूला सारला.

"हा तुझा. माझा आण."

"बाबा, तुम्ही काम सोडलंत."

"माझा आण म्हटलं ना."

कपाट उघडायला त्यांनी खिशातली किल्ली काढून दिली. तिने त्यांच्या नावाचा शिक्का आणला, त्यांचं बोट धरून डाव्या कोपऱ्यावर टेकवलं. आधी 'खोटे' उमटलं, मग त्याला लागून त्यांचं नाव. दोन्ही ठसे स्वच्छ आले.

"हे असंच त्याला दाखव, गेसा. आजच जा."

काकूने तिकीट हातात घेतलं. संग्राहकाशी उभा संसार केलेली बाई ती, खोट्याशेजारचं नाव कुणाचं असतं हे तिला सांगावं लागलं नाही. पण ती त्या नावावरून उजव्या कोपऱ्यातल्या जुन्या खुणेकडे आणि तिथून पुन्हा मागे बघत राहिली: हिनर्कने तपासलं तेव्हा कोरं असलेलं तिकीट डेटलेफच्या हाती शिक्क्यासह आलं होतं. वीब्के ओट्यापाशी उभी होती. 

मग काकूने तिकीट पाकिटात सरकवलं, कोट घातला, आणि टेबलावर उरलेला केक उचलून परत पिशवीत ठेवला.