शिट्टी काढलेली किटली

“काकू, शिट्टी काढू नका हं. पाणी ठेवलंय हे एखाद्या दिवशी विसराल.”

शेजारच्या घरातली तरुण आई बाळाला खांद्यावर थोपटत दारात उभी होती. काकू हसल्या. “अगं, मी काय आज पहिल्यांदा पाणी उकळतेय? तुझे हे छोटे साहेब माझ्या किटलीच्या शिट्टीने दचकून उठतात, ते मला भिंतीतून ऐकू येतं ना!” असं म्हणून त्यांनी माझ्या तोटीवरची शिट्टी काढली आणि खणात टाकून दिली.

मित्रांनो, मीच ती जुनी किटली. कारखान्यात पत्र्याला दाबून मला पोट दिलं, घासून चकचकीत केलं आणि शेवटी तोटीवर शिट्टी बसवली. वाफ झाली की मी अशी किंचाळायचे की काकूंचे यजमान म्हणायचे, “ही किटली आहे की आगगाडी!” पुढे यजमान गेले, मुलगी लांब राहायला गेली आणि घरात मोठा आवाज करणारी मी एकटीच उरले.

काकूंचे गुडघे कुरकुरू लागले. ओट्याशी फार वेळ उभं राहवेना, म्हणून त्या जेवायला कुसकुस करू लागल्या. गव्हाच्या रव्याचे ते बारीक दाणे गॅसवर शिजवत बसावे लागत नाहीत. काकू ते वाडग्यात घ्यायच्या, मीठ आणि चमचाभर तेल घालून बोटांनी चोळायच्या. मग माझं उकळतं पाणी दाण्यांच्या जेमतेम वर येईल इतकं ओतायच्या, वर ताटली झाकायच्या आणि खुर्चीत टेकायच्या. “आता ढवळाढवळ नको. निवांत फुगू दे.” नंतर काट्याने दाणे मोकळे करून त्यात वाफवलेलं गाजर, मटार आणि लिंबू.

त्यातली एक वाटी शेजारी जायचीच. शेजारची आई ती उभ्यानेच, एक कान बाळाकडे ठेवून संपवायची. “बाईसाहेब, बसून खा. पळून जात नाहीत तुमचे साहेब!” काकू दटावायच्या.

शिट्टी गेल्यावर बाळ दुपारचं गाढ झोपू लागलं. त्याच्याबरोबर त्याची आईही डोळा लावू लागली. काकूंना याचं कोण कौतुक! मी मात्र मुकी झाले होते. काकू ओट्याशी आहेत, जेवणार आहेत, हे पूर्वी पलीकडे आपोआप कळायचं. आता काहीच कळत नव्हतं.

एका दुपारी काकूंनी दाणे चोळून ठेवले, मला गॅसवर चढवलं आणि ताटली घ्यायला वळल्या. गुडघ्याने दगा दिला. त्या ओट्याखाली कोसळल्या. उठता येईना, आवाज फुटेना. हात कसाबसा भिंतीला लागत होता. त्यांनी थाप मारली, पण हळूच मारली. बाळाच्या झोपेची वेळ होती ना.

मी उकळले, उसळले. नुसती वाफ निघाली. पाणी आटलं, तळ काळा पडला, जळका वास पसरला. त्या वासाने शेजारची आई जागी झाली आणि काकूंनी तिच्याकडे ठेवलेली किल्ली लावून धावत आत आली.

स्ट्रेचरवरून नेताना काकूंनी तिला विचारलं, “साहेब उठले का गं? जा तू, तो एकटा असेल.”

काकू परत आल्या नाहीत. वाडग्यातले दाणे कोरडेच राहिले.

काकूंची मुलगी घर आवरायला आली, तेव्हा शेजारच्या आईने मला मागून घेतलं. घासून घासून तिची बोटं सोलली, तरी तळाचा डाग गेला नाही. आता बाळ टेकून बसतं. त्याच्यासाठी ती मऊसर कुसकुस करते आणि दाणे फुगेपर्यंत भिंतीला कान लावून उभी राहते. पलीकडे कुलूप आहे.

मित्रांनो, तुमच्या शेजारीही कुणी एकटं राहत असेल. तुम्हाला त्रास नको म्हणून ते माणूस हाकही हळूच मारत असेल. हे पान इथेच मिटा आणि जा. काय बोलावं सुचलं नाही, तर वाटीभर साखर मागा. पण दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.