सिद्रामप्पाच्या बिल्ल्यावर

आमच्या गिरणीच्या कचेरीबाहेर, व्हरांड्यात, एक काळा लाकडी फळा टांगलेला आहे. लांब उडी, गोळाफेक असं वरपासून रंगवत आणलंय आणि सगळ्यांत खाली लिहिलंय, 'सहा मैल धावणे : सिद्रामप्पा, विणकाम खाते, ३४ मिनिटे २० सेकंद, सन १९२१.' तेरा वर्षं ही ओळ मी रोज दोनदा वाचली, आत जाताना आणि बाहेर पडताना. त्यातली मिनिटं माझी, सेकंदही माझे. सिद्रामप्पाचं त्यात फक्त नाव आहे.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, सांगोल्याकडून आलेला धनगर. लहानपणापासून मेंढरांमागं पळून पायांना थांबायची सवयच राहिली नव्हती. गिरणीत मी बदलीवर होतो. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं. कुणी कायमचा कामगार आजारी पडला, गावाला गेला, की त्याचा पितळी बिल्ला गळ्यात अडकवायचा आणि दिवसभर त्याचा माग चालवायचा. हजेरी त्याच्या नावावर, कापड त्याच्या नंबरावर. बदलीवाल्याला नावच नसतं. मुकादम हाक मारायचा तीसुद्धा 'ए बदली' अशी.

सिद्रामप्पा कायमचा होता. अक्कलकोटकडचा, धिप्पाड, जिभेवर साखर. संक्रांतीनंतर गिरणीचे खेळ व्हायचे आणि त्यांत कायमच्यांनाच भाग घेता यायचा. आमच्या खात्यानं धावायला सिद्रामप्पाचं नाव दिलं, कारण अंगानं तोच सगळ्यांत मोठा दिसायचा. बैल घेताना तरी माणूस दात बघतो! आदल्या दिवशी सिद्रामप्पा कुणाच्या तरी रानात हुरडा खायला गेला आणि शर्यतीच्या सकाळी पोट धरून भिंतीला टेकून बसला.

"ज्ञानबा, माझा बिल्ला घे नि पळ," तो कण्हत म्हणाला. "मागावर माझ्या बदली चालतोस, मग रस्त्यावर का न्हाय चालणार?"

मी हसलो आणि पळालो. होटगी रस्त्यावरच्या तिसऱ्या मैलाच्या दगडाला वळसा घालून परत फाटकाशी. साहेब लोक बिल्ला बघत, तोंड बघत नसत. त्यांनी नंबर वाचला, वहीत नाव लिहिलं, आणि आमचं सगळं खातं गालातल्या गालात हसलं. गंमत तिथंच संपायची. पण पुढच्याच महिन्यात सिद्रामप्पा मुकादम झाला. असा चपळ माणूस मागावर कशाला वाया घालवायचा, असं तेव्हाचे विव्हिंग मास्तर म्हणाले म्हणे. मला वाटलं, आता हा मला कायम करील. केलंही. सात वर्षांनी.

तोवर पळणं मागं पडलं होतं. शुक्रवार पेठेत एक खोली, दोन पोरं, भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं. खरं सांगायचं तर ती ओळ वाचून वाचून मनाला घट्टा पडला होता. पण गेल्या साली खेळांच्या वेळी सिद्रामप्पाला हार घालून खुर्चीत बसवलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठून म्हणाला, "आदल्या दिशी पोटभर हुरडा खाल्ला व्हता, पोटात कळ येत व्हती, तरी मी पळालो. तवा ही येळ लागली!" टाळ्यांनी मैदान दणाणलं. माझं डोकं फिरलं. माझं पळणं नेलं ते नेलं, वर त्याला स्वतःची पोटदुखी जोडली!

त्याच संध्याकाळी मी बनाबाईला सांगितलं, "मी पळणार हाय."

"कुनाचं काय चोरलं?" माझी बायको म्हणाली.

"आगं, शर्यतीत पळणार हाय."

"ह्या वयात? आन् जिंकून काय करनार वं?"

"फळ्यावर माजं नाव लावनार."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे चुलीवर एक भाकरी जास्त पडू लागली.

वर्षभर पळालो. सकाळच्या भोंग्याआधी घरातून निघायचं, दगडाला हात लावायचा, परत यायचं. पहिले दोन महिने बरगडीखाली चमक निघायची आणि गुडघा कुरकुरायचा. कुत्री मागं लागायची. पेठेतले पद्मसाळी विणकर दारात दात घासता घासता तेलुगूत काहीतरी बोलून हसायचे. मला तेलुगू येत नाही, पण ते कौतुक नव्हतं एवढं कळायचं. दिवाळीनंतर एका पहाटे दगड नेहमीपेक्षा लवकर आला असं वाटलं. दगड काही हलत नाही. तेव्हा कळलं, पाय आले.

यंदाच्या शर्यतीत आम्ही चौदाजण होतो, बाकीचे तेरा विशी-बाविशीतले. माझ्या गळ्यात माझा स्वतःचा बिल्ला होता. दगडाशी बसलेला कारकून वळणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर कापडाच्या थानावर मारतात तो जांभळा शिक्का मारत होता. मी वळलो तेव्हा पुढं कुणीच नव्हतं. परतीच्या तीन मैलांत मी मागं पाहिलं नाही, मला मागच्यांशी कर्तव्यच नव्हतं. मी ज्याला गाठायला निघालो होतो तो पुढं पळत होता, तेवीस वर्षांचा, दुसऱ्याचा बिल्ला घातलेला.

"तेहतीस अठ्ठावन!" टाइमकीपर रावजी घड्याळ उंच धरून ओरडला.

बावीस सेकंदांनी! छत्तीस वर्षांच्या मी तेवीस वर्षांच्या मला मागं टाकलं होतं. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता; बनाबाईला हे सांगितलेलं नाही. मी जमिनीवर बसलो आणि रडलो.

नवे विव्हिंग मास्तर खुर्चीतून उठले. त्यांनी रावजीच्या हातातलं घड्याळ घेतलं, कानाला लावलं, हलवलं.

"तुझं वय किती?"

"छत्तीस, साहेब."

"छत्तिसाव्या वर्षी सिद्रामप्पाची वेळ मोडलीस? घड्याळ उशिरा सुरू झालं असणार."

"साहेब, घड्याळ बरोबर आहे," रावजी हळूच म्हणाला.

"पहिला नंबर देऊ याला. वेळ फळ्यावर लिहायची नाही."

झालं. वर्षभराचं पळणं एका वाक्यात खलास. मग माझ्या तोंडाला लगाम राहिला नाही.

"साहेब, ती जुनी येळबी माजीच हाय. एकवीस साली सिद्रामप्पाच्या बिल्ल्यावर मी पळालो व्हतो."

मास्तर रावजीला म्हणाले, "मस्टर काढा."

रावजी कचेरीतून जुनी जाडजूड मस्टरं घेऊन आला. बराच वेळ पानं उलटत राहिला. मला ठाऊक होतं त्याला काय सापडणार. बदलीवाल्याची हजेरी स्वतःच्या नावावर लागते कुठं?

"ज्ञानबाची पहिली हजेरी अठ्ठावीस सालची आहे, साहेब," तो माझ्याकडं न बघता म्हणाला.

"म्हणजे एकवीस साली हा गिरणीतच नव्हता," मास्तर म्हणाले. लोक हसले. पोरंटोरंही हसली. "सिद्रामप्पा, तुम्ही या रस्त्यानं पळालेले आहात. या वयात ही वेळ लागेल का?"

हार घातलेला सिद्रामप्पा उठला, हात जोडले. "न्हाय साहेब, पस्तिशीनंतर ते जमनारं न्हाय. पर गडी लई जिद्दीचा. टाळ्या वाजवा की!" आणि पहिली टाळी त्यानंच वाजवली.

साहेब लोक मोटारीतून गेले. सिद्रामप्पा आमच्या खात्यातल्या लोकांबरोबर लिंबाखाली चहा पीत बसला होता. मी तिथं जाऊन उभा राहिलो.

"सिद्धरामाची आण घेऊन सांगा, सिद्रामप्पा. एकवीस साली कोन पळालं?"

मला वाटलं होतं तो चपापेल. तो बशीतला चहा फुंकत राहिला.

"तूच की. मी कवा न्हाय म्हनलं?"

"मग साहेबाला का न्हाय सांगितलं?"

"काय सांगायचं त्यात?" त्याला खरंच नवल वाटत होतं. लबाडी असती तर मी त्याच्या तोंडावर थुंकलो असतो. पण त्या तोंडावर लबाडी नव्हती. त्यानं बशी खाली ठेवली आणि धाकट्या भावाला हाक मारावी तसा कानडीत म्हणाला, "तम्मा, इतकी वर्सं गिरणीत काढलीस. तूच सांग, बदलीवाल्यानं इनलेलं थान कुनाच्या नंबरावर चढतं?"

हा प्रश्न आमच्याकडं नव्या बदलीवाल्यांना पहिल्या दिवशी फाटकाशी विचारतात. मुकादम विचारतो आणि सगळ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं; जो गप्प राहील त्याला त्या दिवशी बिल्ला मिळत नाही. लिंबाखालचे सगळे त्यातूनच गेलेले. ते हसत हसत ओरडले, "कायमवाल्याच्या!"

त्यांच्यात माझाही आवाज होता. तोंडातून निघून गेल्यावर मला तो ऐकू आला.